टपावरच्या वळणदार रेल : एका छोट्या शिडाच्या बोटीची दुरुस्ती

छोट्या शिडाच्या बोटीवर केबिनच्या टपावर दोन्ही कडांना सागाच्या लांब दांड्या बसवलेल्या असतात. थोड्या थोड्या अंतरावर पाय आणि मधे हात घालायला जागा. बोट कलती असताना मागून नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जायचं तर माणूस या दांड्यांना धरूनच जातो. कुणी हँडरेल म्हणतं, आम्ही नुसतं रेल म्हणतो. डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळात मी आणि माझ्या दादानं आमच्या २२ फुटी बोटीच्या दोन्ही रेल नव्यानं करून घेतल्या आणि बसवल्या. सुरुवातीला इथल्या हवेला, इथल्या बाजाराला धरून लिहिलेलं काहीच हाताला लागलं नव्हतं. जे वाचायला मिळालं त्यात रेल दुकानात तयार मिळते असं गृहीत धरलेलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बोट फायबरची, जुनी, आम्ही दोघा भावंडांनी मिळून घेतलेली. दादा ठाण्याला राहतो, मी नेरुळला. बोट नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्याजवळ खाडीत, कोळ्यांच्या होड्यांच्या शेजारी नांगरलेली असते. तिला खाली दोन कील, म्हणजे तळाला उभे पंख, आहेत, त्यामुळे ओहोटीत ती चिखलावर सरळ बसते. पुढे हा गुण फार कामाला आला.

डिसेंबरमध्ये विम्याच्या नूतनीकरणासाठी सर्वेअर आले. त्यांनी डावीकडची रेल दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढली. रेल हलली. मग केबिनमध्ये उतरून त्यांनी छताच्या अस्तरावरचे तपकिरी ओघळ दाखवले. ते ओघळ आम्ही रोज पाहत होतो आणि खिडकीतून पाणी येतंय असं समजत होतो. ते बरोबर रेलच्या बोल्टांखाली होते. जानेवारीत कंपनीचं पत्र आलं: नूतनीकरण होईल, पण ९० दिवसांत दुरुस्ती करून फोटो आणि बिलं सादर करावीत, आणि तोवर बोट नांगरावरून हलवू नये.

पत्र वाचून पोटात गोळा आला, कारण नव्वद दिवसांत हे होणारं नव्हतं. डेकच्या आत पाणी मुरलेलं असेल तर ते वाळायलाच महिना लागतो, आणि पुढे पावसाळा. आम्ही त्याच आठवड्यात ईमेल लिहिला. कामाचे टप्पे महिनावार मांडले, रेलचे फोटो जोडले आणि ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत मागितली. उत्तराला तीन आठवडे लागले, मधे दोनदा आठवण करावी लागली, पण मुदत मिळाली. अशी अट आली तर मुदत संपायची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात, टप्प्यांसकट, लेखी मागणी करा. नुसतं ‘वेळ वाढवून द्या’ म्हटलं की फाईल पडून राहते.

बंदर कार्यालयातही एक साधा अर्ज दिला: आहे त्याच मापाच्या रेल बदलतो आहोत, बोटीची लांबी-रुंदी, इंजिन, काहीच बदलत नाही. तिथल्या बाईंनी अर्ज वाचून तोंडी सांगितलं की यासाठी वेगळी परवानगी नको. तरी आम्ही आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन ठेवली. पुढे ती विमा कंपनीनं मागितलीच.

फेब्रुवारीत जुन्या रेल काढायला घेतल्या. खाडीत नांगरलेल्या बोटीवर काम करायचं तर पंचांग बघावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे पहाटे कोळीवाड्यातल्या नाखव्यांच्या (होडीवाल्यांच्या) होडीतून बोटीवर जायचं, पाणी उतरलं की बोट चिखलावर स्थिर बसते, दिवसभर काम करायचं, आणि संध्याकाळच्या भरतीला परत. मधे खाली उतरता येत नाही, तेव्हा पाणी, डबा, टोपी आणि प्रत्येक हत्यार आठवणीनं न्यायचं. बोट हलत नाही, ड्रिल सरळ जातं. शिवाय अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, असतो, उधाणासारखी ओढ नसते. नाखव्यांनीच हे सुचवलं. ते म्हणाले, “ताई, उधाणाच्या दिवसांत लाकडाचं काम काढू नका, चढ-उतारातच तुमचा दिवस जाईल.”

रेलच्या प्रत्येक पायावर लाकडाची गोल टिकली असते, तिच्याखाली बोल्टचं डोकं. टिकलीच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात एक लाकडी स्क्रू फिरवला की स्क्रू खाली बोल्टवर टेकतो आणि टिकली वर उचलून येते. आतून छताच्या अस्तराची पट्टी काढली तेव्हा नट दिसले. त्यातले काही गंजून एकजीव झालेले, ते कापावे लागले. बोल्ट निघाले तरी रेल निघेना. कुणीतरी पूर्वी सगळीकडे सिलिकॉन भरलं होतं. पटाशी घालून उचकटलं असतं तर फायबरचा वरचा थर सोलून निघाला असता. नाखव्यांनी जाळ्याची नायलॉनची जाड दोरी दिली. ती रेलखालून घालून, दोन टोकांना दोघं बसून करवतीसारखी ओढत गेलो, तेव्हा सिलिकॉन कापलं गेलं.

पुढचे तीन पाय सुटले आणि रेलचं पुढचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला सरकलं. डेकवरच्या जुन्या खुणेपासून दोन बोटं लांब. मिस्त्री काका सोबत होते. ते दिवाळ्यातच होड्यांची कामं करतात. त्यांनी ते टोक हातानं दाबून परत खुणेवर आणलं आणि सोडलं. ते पुन्हा बाहेर गेलं. “ताई, सरळ लाकूड बोल्टानं ओढून बसवलंय हे. इतकी वर्षं ते सुटायला बघतंय.”

आमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ तेच होतं. आमच्या बोटीचा टप पुढे निमुळता होत जातो, त्यामुळे रेलला आडवं वळण आहे, सात फुटांत साधारण ६० मिलिमीटरचं. टप मधे थोडा फुगीरही आहे, म्हणजे उभं वळण वेगळं. आधीच्या कुणीतरी सरळ रेल आणून बोल्ट आवळत आवळत ती वळणावर बसवली होती. दिसायला ठीक. पण लाकूड दिवसरात्र बाहेर ओढत राहतं, उन्हात आणि थंडीत थोडं थोडं हलतं, आणि पायाखालचं सील फाटतं. मग पाणी बोल्टच्या कडेनं आत जातं. आम्ही तशीच सरळ रेल आणून पुन्हा बसवली असती तर पाच वर्षांनी हेच काम परत काढावं लागलं असतं. तेव्हाच ठरवलं की नवी रेल न आवळता, नुसती ठेवली तरी वळणावर बसली पाहिजे.

त्याआधी भोकांचं बघायचं होतं. आमच्या टपाला वर-खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलं की कोरड्या जागी टणक आवाज येतो, मुरलेल्या जागी भद्द. डावीकडच्या पुढच्या चार पायांभोवती आवाज भद्दच होता. ६ मिलिमीटरची भोकं वरून १२ची केली, फक्त वरचा थर आणि गाभा, खालचा थर तसाच ठेवला. ड्रिलच्या पात्याला कॉफीच्या रंगाचा ओला भुसा लागून आला. अ‍ॅलन कीचं वाकडं टोक ड्रिलमध्ये लावून भोकाच्या आतला कुजका गाभा चहूबाजूंनी खरवडून काढला. मग भोकं उघडी ठेवून वर ताडपत्रीचा मांडव केला, बाजूंनी वारा खेळता राहील असा. मार्च महिना वाळण्यातच गेला. पुन्हा ठोकून आवाज टणक आल्यावरच इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारं चिकट) भरलं: खालून चिकटपट्टी लावून, आधी पातळ रेझिन कडांना पाजून, मग त्यात एरोसिलची पावडर मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं. ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध नवं भोक. आता बोल्टच्या कडेनं पाणी शिरलं तरी गाभ्याला लागत नाही. सगळ्या कामात कुणाला एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. रेल कुरूप झाली तर चालेल, पण ही भोकं घाईत भरू नका.

घासकामाची धूळ आणि अ‍ॅसिटोनची फडकी खाडीत जाऊ नयेत म्हणून आम्ही जुन्या चादरी अंथरून सगळं गोळा करून घरी आणत होतो. आमच्या वरच्या अंगाला ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा २०१५पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२पासून रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीतही आहे. त्या दिवसांत समोरच्या चिखलावर पक्षी उतरलेले असायचे. त्यांच्या ताटात इपॉक्सीची भुकटी टाकणं मनाला पटणारं नव्हतं.

गुढीपाडवा झाल्यावर लाकडाच्या शोधाला लागलो. तुर्भ्याच्या एका वखारीत सीपी साग (मध्य भारतातला साग) मिळाला. लाकूड घनफुटावर विकलं जातं. आम्ही ८ फूट लांब, ६ इंच रुंद, २ इंच जाड अशी एक फळी घेतली, म्हणजे ०.६७ घनफूट. दर ५,४०० रुपये. लाकडाचे ३,६०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ४,२४८ रुपये झाले. फळी निवडताना टोकाकडून बघायचं, रेषा सरळ आणि दाट हव्यात, गाठ एकही नको, पांढरा कडेचा भाग नको. दादानं ओलावा मोजायचा मीटर नेला होता. १२ टक्के दाखवल्यावर घेतली. पहिल्यांदा दाखवलेली फळी दिसायला यापेक्षा देखणी होती, पण १९ टक्के होती. वखारवाल्यांनी बिल नीट नावानिशी करून दिलं आणि सांगितलं, “साग आहे, बिल गाडीतच ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता येईल.” सागाला वाहतुकीचे नियम लागतात, तेव्हा छोट्या फळीसाठीही कच्चं बिल घेऊ नका.

वळण कसं आणायचं यावर मिस्त्री काकांशी बराच खल झाला. त्यांचं म्हणणं वाफ द्यावी. इंचभर जाडीला तासभर वाफ, मग लगेच फर्म्यावर, म्हणजे वळणाच्या साच्यावर. होडीच्या फळ्यांना त्यांनी आयुष्यभर असंच वळवलं आहे. पण आमचं लाकूड वाळलेलं होतं. वाफेला ताज्या, ओलसर लाकडासारखी साथ ते देत नाही. आणि फाटलं तर दुसरी फळी घ्यावी लागली असती. आम्हाला पातळ पट्ट्या चिकटवून वळण आणायचं होतं. पत्त्यांचा जुडगा वाकवला की पानं एकमेकांवर सरकतात आणि सहज वळतात. वळलेल्या स्थितीत ती एकमेकांना चिकटली तर जुडगा पुन्हा सरळ होत नाही, तसंच. काकांना चिकटवण्यावर भरवसा नव्हता. मग त्याच फळीच्या दोन तुकड्यांना चिकटवून आठवडाभर खाडीच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं आणि त्यांनी स्वतः जोडात पटाशी घालून ठोकली. सांधा सुटला नाही, शेजारचं लाकूड फाटलं. तुकडा उलटसुलट करून बघत ते म्हणाले, “करा. फर्मा मी बनवतो.” काम ६,००० रुपयांना उक्तं ठरलं. फर्मा, आकार कापणं आणि रंधा त्यांचा, चिकटवणं आणि वार्निश आमचं.

फळी उभी चिरून तीन इंची दोन तुकडे झाले. आरा मशीनवर प्रत्येक तुकड्याच्या पाच पट्ट्या, आणि रंध्याच्या मशीनवर त्या ६ मिलिमीटरच्या केल्या. कापाई-रंधाई १,००० रुपये. दोन इंचात पाच पट्ट्या जेमतेम बसतात, पात्याची जाडी लाकूड खाते. कापणाऱ्याला हे आधी सांगा आणि बारीक पातं लावायला लावा. पट्ट्यांवर क्रमांक घालून त्याच क्रमानं परत लावल्या तर रेषा जुळतात आणि जोड जवळजवळ दिसत नाहीत.

फर्म्यासाठी डेकवरच्या भोकांवर हार्डबोर्ड ठेवून प्रत्येक केंद्राची खूण उतरवली होती. त्या खुणांमधून लवचीक पट्टी वाकवून जी रेघ आली ती जाड प्लायवर उतरवली. काकांनी रेघेवर ठोकळे ठोकले आणि समोर दुसरी रांग थोडं अंतर सोडून. शिकंजे (क्लॅम्प) इतके कुणाकडेच नसतात. त्यांनी प्रत्येक ठोकळ्याजवळ लाकडी पाचरींची जोडी मारायची योजना केली. उलटसुलट दोन पाचरी हातोडीनं सरकवल्या की हवा तेवढाच दाब बसतो. हे मला फार आवडलं. खर्च शून्य, आणि दाब शिकंज्यापेक्षा सारखा.

फर्मा ठेवायला चोवीस तास कुणी हात लावणार नाही अशी आठ फुटी जागा हवी होती. काकांची शेड मे महिन्यात भरलेली असते, कारण १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि त्याआधी होड्या वर घ्यायची धांदल. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी गाडी बाहेर काढून तिथे करायचं ठरलं. सेक्रेटरी काकांना अर्ज दिला, तो महिन्याच्या मीटिंगमध्ये ठेवला गेला, आणि परवानगी मिळाली: सकाळी आठच्या आत, ठोकाठोकी नाही, कॉमन मीटरची वीज नाही, आग लागणारं सामान रात्री खाली ठेवायचं नाही. शेवटची अट अगदी योग्य होती. अ‍ॅसिटोन मी घरीही बाल्कनीत, सावलीत ठेवत होते. पाचरी आदल्या दिवशी बसवून, खुणा करून ठेवल्या आणि प्रत्यक्ष वेळी रबरी हातोडी वापरली.

सकाळी लवकर काम करणं आमच्याही फायद्याचं होतं. मे महिन्यात दुपारी इपॉक्सी हातातच घट्ट होतं. दहा अंशांनी तापमान वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. फायबरग्लासचं सामान विकणाऱ्या दुकानातून हळू सेट होणारं हार्डनर मागून घेतलं, रेझिनसकट १,९०० रुपये. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनानं तंतोतंत घेतलं. अंदाजानं जास्त हार्डनर घातलं तर लवकर होत नाही, कमजोर होतं. कालवलेलं मिश्रण मगात ठेवू नका, पसरट ताटात ओता. मगात ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. साग तेलकट असतो, म्हणून प्रत्येक पट्टी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करून, अ‍ॅसिटोननं पुसून, पंधरा-वीस मिनिटांत चिकट लावलं. फर्म्याला आधीच पॅकिंगची तपकिरी टेप लावली होती, नाहीतर रेल फर्म्याला कायमची चिकटली असती. पाचरी मधून सुरुवात करून टोकांकडे मारत गेलो. जोडातून मण्यांसारखे थेंब बाहेर आले की थांबायचं. त्यापुढे दाबलं तर सगळं चिकट बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो.

दुसऱ्या दिवशी पाचरी काढल्या तेव्हा दादा आणि मी दोघंही बोलत नव्हतो. रेल फर्म्यातून उचलली. ती दोन-तीन मिलिमीटर उघडली आणि तिथेच थांबली. पाच पट्ट्यांना इतकं अपेक्षितच असतं, पट्ट्या वाढवल्या तर ते आणखी कमी होतं. फर्मा उलटा मांडून दुसऱ्या बाजूची रेल केली. दुसरी फर्म्यातून निघाली आणि थोड्याच दिवसांत, २६ मे रोजी, मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. लाकूड कोरडं असताना जोड झाले याचं समाधान फार मोठं होतं.

पावसाळ्यात काकांच्या शेडमध्ये आकार कापला गेला. हात घालायच्या प्रत्येक जागेच्या दोन टोकांना गोल पात्यानं भोकं, मधला भाग जिगसॉनं. पकडायची दांडी २५ मिलिमीटर आणि तिच्याखाली निदान ४० मिलिमीटर मोकळं ठेवलं, म्हणजे ओला, सुजलेला हातही आत जातो. उभ्या वळणासाठी लाकूड वाकवलंच नाही. ऑगस्टमधल्या उघडिपीत रेल डेकवर ठेवून, कंपासचं एक टोक टपावर आणि पेन्सिल रेलवर चालवून रेघ मारली आणि पायांचे तळ त्या रेघेवर रंधले. शेवटी रेल नुसती ठेवली, वर बोटही न ठेवता, आणि सहाही पायांखाली कागद सरकेना. काकांनी खाली वाकून प्रत्येक पाय पाहिला आणि हत्यारं आवरायला घेतली.

मधल्या काळात बाकीचं सामान जमवलं. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून, ३१६ स्टेनलेसचे, एम-६, १०० मिलिमीटर लांब, टोपीनट आणि मोठ्या वॉशरसकट १,१०० रुपये. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्हीला ते चिकटत नाही. डोक्यावर ए-४ असा ठसा बघा, ए-२ म्हणजे ३०४. खाऱ्या पाण्यात हा फरक दोन-तीन पावसाळ्यांत दिसतो. आतून लावायच्या ३ मिलिमीटरच्या चौकोनी प्लेटा दादानं वागळे इस्टेटमध्ये कापून घेतल्या, ९०० रुपये. ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी, ४५०. वार्निश आणि थिनर १,६५०. पॉलिश पेपर, अ‍ॅसिटोन, ब्रश मिळून ७००.

वार्निशला सप्टेंबर अखेरपर्यंत थांबलो. दमट हवेत लावलेलं वार्निश दुधी पडतं. दसऱ्याला काकांनी हत्यारांची पूजा मांडली, त्यात आमच्या दोन्ही रेल ठेवल्या होत्या, तोवर त्यांच्यावर दोन हात झाले होते. पहिला हात निम्मं थिनर घालून, पुढचे घट्ट घट्ट करत, मधे ३२० नंबरनं हलकं घासून. घरातलं मेलामाईन इथे चालत नाही, उन्हात तडकतं. बोट-वार्निशच हवं, आणि पायांच्या तळाला व भोकांच्या आतही लावायला हवं. पाणी नेमकं तिथूनच लाकडात शिरतं.

कोजागिरीनंतरच्या अष्टमीला पुन्हा पहाटे बोटीवर. नव्या भोकांच्या तोंडाला थोडी गोलसर खोलगट कड केली, म्हणजे तिथे ब्युटाइलचं कडं तयार होतं. प्रत्येक पायाखाली आणि बोल्टच्या मानेला टेप गुंडाळली. वर दादानं बोल्टचं डोकं धरून ठेवलं आणि मी आत नट फिरवले. बोल्ट फिरवायचा नाही, फिरवला की त्याच्याभोवतीचं सील तुटतं. एकदम आवळायचंही नाही. आज थोडं, दुपारी ऊन लागल्यावर थोडं, पुढच्या वेळी थोडं. प्रत्येक वेळी कडेनं टेपची वळी बाहेर येते, ती प्लास्टिकच्या पट्टीनं कापून टाकली. शेवटी टिकल्या बसवल्या, त्यांची रेषा रेलच्या रेषेला समांतर ठेवून. त्या इपॉक्सीनं नाही, वार्निशनं चिकटवल्या आहेत. कधी बोल्ट काढायचे झाले तर टिकली सहज निघावी.

बादल्या भरभरून पाणी ओतलं, आत टॉर्च घेऊन मी अस्तर न लावता बसले होते. बाराही प्लेटा कोरड्या. वरून दादा विचारत राहिला, “ताई, आलं का?” मी धाकटी असूनही तो मला ताईच म्हणतो. नाही आलं म्हणताना माझा आवाज भरून आला होता.

मग कागद. फोटो तारखेसकट काढत गेलो होतो, ते उपयोगी पडले. कंपनीला दुरुस्ती करणाऱ्याचं जीएसटी बिल हवं होतं. काकांकडे जीएसटी नाही, त्यांनी साध्या कागदावर सही-पावती दिली होती. बऱ्याच ईमेलनंतर कंपनी प्रतिज्ञापत्रावर तयार झाली. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर आता हे होत नाही, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४पासून ५०० लागतात, आणि नोटरीचे ३००. सोबत वखारीचं बिल, नागदेवीचं बिल, बंदर कार्यालयाची शिक्का मारलेली प्रत आणि काम चालू असतानाचे फोटो लावले. सर्वेअर पुन्हा आले, त्यांनी दोन्ही रेल तशाच दोन्ही हातांनी ओढून पाहिल्या, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अट काढल्याचं पत्र आलं. एकूण खर्च पावणेएकोणीस हजार रुपयांच्या आत राहिला, त्यात सगळ्यात मोठा वाटा काकांच्या मजुरीचा, आणि तो योग्यच.

वार्निशवर दर वर्षी पावसाळ्याआधी एक-दोन हात द्यावे लागतील. काकांनी फर्मा शेडच्या माळ्यावर ठेवला आहे. त्याच्यावरचे ठोकळे सुटे आहेत, दुसऱ्या वळणासाठी हलवता येतात. दिवाळे, बेलापूर, करावे या बाजूला कुणाची केबिनवाली बोट असेल आणि रेल सैल झाली असेल, तर आधी अस्तर काढून बोल्टांखाली बघा, आणि फर्मा लागला तर खुशाल घेऊन जा. काकांना मी सांगून ठेवलं आहे.